रिलीव्हर

आमच्या वीजकेंद्रात शिफ्ट संपली म्हणून कुणी डबा उचलून घरी जात नाही. रिलीव्हर यावा लागतो. तो येतो, लॉगबुक वाचतो, कुठलं व्हायब्रेशन वाढलंय, कुठला पंप बंद ठेवलाय ते विचारून घेतो, सही करतो आणि मग आपण खुर्ची सोडायची. रिलीव्हर आलाच नाही तर बसा पुढच्या शिफ्टलाही. मशीनला त्याचं काही नसतं. ग्रिड पन्नास हर्ट्झवर चालू आहे, टर्बाइनला मिनिटाला ३००० फेरे घ्यायचे आहेत. खुर्चीत कोण बसलंय याची चौकशी ती करत नाही.

एका रॉक बँडच्या गायकाबद्दल लिहायला बसलो आणि गाडी इथून सुटली, कारण गायक ब्रायन जॉन्सन आहे. एसी/डीसी या बँडचा. ज्यांना रॉक ठाऊक आहे ते म्हणतील, फ्रेडी मर्क्युरीवर लिही, जिम मॉरिसनवर लिही, हा टोपीवाला काय काढलास? त्यांचं बरोबर आहे. ब्रायनमध्ये शोकांतिका नाही, सौंदर्य नाही, गूढ तर अजिबात नाही. तो दुसऱ्याच्या जागी आला आणि चाळीसहून अधिक वर्षं ते काम करत राहिला. मला त्याचं हेच आवडतं. आणि रॉकवर लिहिणारे नेमकं हेच एका ओळीत उरकतात.

त्याच्या आधी त्या जागेवर बॉन स्कॉट होता. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियात वाढलेला, डोळ्यांत कायम मिश्कीलपणा. माल्कम आणि अँगस यंग हे दोघे भाऊही मूळचे ग्लासगोचे. घरच्यांबरोबर सिडनीला गेले आणि १९७३ मध्ये त्यांनी हा बँड काढला. बॉन १९७४ मध्ये आला आणि बँडला चेहरा मिळाला. १९७९ च्या अल्बमने अमेरिकेचं दार उघडलं. आता मोठं काहीतरी होणार, अशा टप्प्यावर १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये बॉन गेला. रात्रभर प्यायला होता, दक्षिण लंडनमध्ये रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीत झोपला होता, उठलाच नाही. वय ३३. अँगस तेव्हा पंचविशीचाही नव्हता. अंत्यसंस्कारासाठी सगळे ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला गेले. तिथे बॉनच्या वडिलांनीच यंग बंधूंना सांगितलं की थांबू नका, दुसरा गायक बघा. मुलगा गेल्यावर थोड्याच दिवसांत असं बोलायला काय लागत असेल, कोण जाणे.

त्याच सुमाराला इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, न्यूकॅसलकडे, बत्तीस वर्षांचा ब्रायन गाड्यांच्या टपांवर व्हिनाइलचं आवरण चढवायचा धंदा करत होता.

त्याचा जन्म ५ ऑक्टोबर १९४७ चा, गेट्सहेडजवळच्या डन्स्टनचा. वडील सैन्यात सार्जंट होते, नंतर कोळसा खाणीत. आई इटालियन, रोमजवळच्या फ्रास्काटीची. युद्धात भेटलेल्या सैनिकाशी लग्न करून उन्हातून धुक्यात आलेली. पोरगा चर्चमध्ये गायचा. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि सी. ए. पार्सन्स या कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस म्हणून चिकटला.

इथे मला थोडं थांबावंच लागेल. चार्ल्स पार्सन्स म्हणजे १८८४ मध्ये आधुनिक स्टीम टर्बाइन बनवणारा माणूस. त्याच्या कारखान्यात टर्बाइनच बनायच्या. माझे बाबा टर्बाइनवर फिटर होते, सगळी नोकरी टर्बाइन हॉलमध्ये गेली. मी शाळेत असताना नागपूरच्या बर्डीच्या मेन रोडवरून या बँडची कॅसेट आणली, तेव्हा बाबांनी कव्हरवरचं नाव वाचून विचारलं होतं, “काय बे, हे आयटीआयचं आणलं का?” नावाचा उगम खरोखरच विजेकडून आहे. यंग बंधूंच्या बहिणीला, मार्गारेटला, शिलाई मशीनवर ही अक्षरं दिसली आणि तिने ती सुचवली. पण तेव्हा मला हे कुठे ठाऊक. मी कॅसेट लावली. बाबांनी अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाले, “याच्या पोटात दुखून राहिलं वाटते.” आई स्वयंपाकघरातून हसली. मला राग आला. पंधराव्या वर्षी आपल्या गायकाबद्दल कुणी काही बोललेलं सहन होत नाही. पुढे कित्येक वर्षांनी ब्रायन पार्सन्समध्ये होता हे बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा त्याचं नाव विचारलं. “फिटर होता का?” एवढंच. म्हटलं, त्याच लाइनचा. मग त्यांचा सूर जरा बदलला.

तर हा ब्रायन. गाण्याचं वेड होतं. बँडसाठी स्पीकर-माइक घ्यायला पैसे हवेत म्हणून तो हंगामी सैन्यात, तेही पॅराशूटवाल्यांत, भरती झाला. पुढे जॉर्डी नावाचा बँड झाला आणि १९७३ मध्ये त्यांचं एक गाणं ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. टीव्हीवर दिसला. आणि मग काहीच नाही. दोन-तीन वर्षांत सगळं ओसरलं. संसार मोडला, आईबापाच्या घरी परतला, गाड्यांच्या पुढच्या काचा बसवायचं काम धरलं. त्याची टोपी तिथली आहे. कामावरून थेट गायला जायचा, घामाबरोबर कपाळावरची काच आणि गोंद डोळ्यांत उतरायचा. भावाने आपली टोपी डोक्यावर ठेवली. लोकांना ती आज स्टाइल वाटते.

एकदा टीव्हीवर येऊन गेलेल्या माणसाने त्याच गावात परत काच बसवायला जाणं सोपं नसतं. आपल्याकडे तर ते अशक्यच. मोहल्ल्यातला प्रत्येक जण विचारेल, “काय भाऊ, मुंबईचं काय झालं मग?” ब्रायनने ती पाच-सहा वर्षं काढली आणि शिवाय शनिवार-रविवारी क्लबांतून गात राहिला. गाणं सोडलं नाही, आणि गाण्याकडून काही मागितलंही नाही. माझ्या मते पुढचं सगळं या वर्षांनी घडवलं. विशीत हा मोठा झाला असता तर बॉनच्या सावलीला घाबरला असता. बत्तिशीत त्याला घालवायला काही उरलंच नव्हतं.

आता गंमत बघा. १९७३ मध्ये ब्रायनचा जॉर्डी जोरात असताना इंग्लंडमध्ये त्यांच्या आधी एक ऑस्ट्रेलियन बँड वाजवायचा. त्याचा गायक बॉन स्कॉट. एका रात्री बॉनने पाहिलं की जॉर्डीचा गायक किंचाळत जमिनीवर पडला, लोळला, आणि किंचाळत राहिला. बॉन खूश! पुढे एसी/डीसीत आल्यावर त्याने यंग बंधूंना तो किस्सा रंगवून सांगितला: असा गायक पाहिला राव, जमिनीवर लोळून गातो. ब्रायनला त्या रात्री अपेंडिक्सचा त्रास झाला होता. म्हणजे बाबांचं निदान वीस वर्षं उशिरा का होईना, अचूक होतं.

बॉन गेल्यावर गायकांची नावं निघाली, तेव्हा हा किस्सा भावांना आठवला. जागा सोडणाऱ्यानेच रिलीव्हरचं नाव लिहून ठेवावं, असा प्रकार.

लंडनहून फोन आला तेव्हा ब्रायनचा जायचा विचार नव्हता. पेट्रोलचा खर्च, धंद्याचा खाडा, आणि मिळणार काय तर नकार. नेमकं त्याच वेळी लंडनमध्येच हूवरच्या व्हॅक्युम क्लीनरच्या जाहिरातीचं जिंगल गायचं काम आलं. त्याचे पैसे मिळणार होते, म्हणून गेला. रॉकच्या इतिहासातल्या एका प्रचंड घटनेला असं झाडूपोछ्याचं निमित्त आहे. तालमीच्या जागी पोचला तर वर बँड वाट बघतोय आणि हा खाली त्यांच्या सामान वाहणाऱ्या पोरांबरोबर पूल खेळत बसलाय. त्याला वाटलं, हेच ते.

काय गाशील, असं विचारल्यावर त्याने टीना टर्नरचं गाणं सांगितलं. एसी/डीसीचं नाही. मला ही निवड फार महत्त्वाची वाटते. त्या खोलीत बॉनचं गाणं आधी उचललं असतं, तर ऐकणाऱ्यांच्या कानांत दोन आवाजांची तुलना सुरू झाली असती आणि मेलेल्या माणसाशी तुलनेत कुणी जिंकत नाही. नंतर बॉनचंही गायला, पण स्वतःच्या गळ्याने.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांची परंपरा अगदी उलटी. लहानपणी गणपतीत चौकाचौकांत बॅनर लागायचे: व्हॉइस ऑफ किशोर, व्हॉइस ऑफ रफी, व्हॉइस ऑफ मुकेश. गायकाचं स्वतःचं नाव खाली बारीक अक्षरांत. त्यातले काही खरोखर अफाट गायचे. आमच्या भागातला एक ‘मुकेश’ तर तालीम नसतानाही नाकातूनच बोलायचा. मी त्यांची टिंगल करत नाही. लोकांना मुकेश हवा होता आणि ते देत होते. पण मुकेशच्या जागी बसणं वेगळं आणि मुकेश होणं वेगळं, एवढा फरक ब्रायनला पहिल्याच दिवशी कळला होता.

एप्रिल १९८० मध्ये हे सगळे बहामाजमधल्या नासाऊला गेले आणि थोड्याच आठवड्यांत नवा अल्बम रेकॉर्ड केला. निर्माता मट लँग. बॉनने लिहिलेलं काही वापरायचं नाही, शब्द नव्या माणसानेच लिहायचे, असं ठरलं. विचार करा, बाहेर वादळ घोंगावतंय, हा एका मेलेल्या लोकप्रिय माणसाच्या मित्रांमध्ये बसलाय, समोर कोरा कागद आहे, आणि पंधरवड्यापूर्वी हा गाडीच्या टपाला गोंद लावत होता. पहिल्या गाण्याच्या शब्दांत ते वादळ तसंच उतरलंय.

त्या गाण्याआधी घंटा वाजते. सावकाश, जड. तिच्यासाठी इंग्लंडमधल्या लफबरोच्या ओतशाळेत सुमारे एक टन वजनाची घंटा ओतून घेतली. आधी तिथल्याच एका युद्धस्मारकातली घंटा रेकॉर्ड करायला गेले होते, पण टोल पडला की आत बसलेले पक्षी फडफडून उडायचे आणि रेकॉर्डिंगमध्ये घंटेपेक्षा पंखच जास्त. मग स्वतःच्याच घंटेचा आवाज घेतला. कव्हर पूर्ण काळं, बॉनच्या सुतकाचं. कंपनीला धास्ती, दुकानात दिसणार कसं? म्हणून नावाभोवती राखाडी रेघ तेवढी मंजूर झाली. २५ जुलै १९८० ला तो अल्बम बाहेर पडला. बॉनला जाऊन जेमतेम पाच महिने झाले होते. जगभरात आजवर सुमारे ५ कोटी प्रती खपल्याचा अंदाज सांगतात. रेकॉर्ड झालेल्या संगीतात एवढी मजल मारणारे अल्बम बोटांवर मोजण्याइतके.

ब्रायनच्या आवाजाबद्दल दोन शब्द. आपल्या भाषेत सांगायचं तर माणूस तार सप्तकात जातो आणि खाली यायचं नावच घेत नाही. त्यात गळ्याचा खरखराट. घोटून शिकलेल्या गायकाला हे ऐकून घाम फुटेल. मींड नाही, विस्तार नाही, आलापाला तर जागाच नाही. पण शब्द कधी टाकायचा, हे त्याला चोख कळतं. माल्कमची गिटार जिथे श्वास घेते तिथे हा येतो, ती सुरू झाली की बाजूला होतो. या बँडचा खरा मालक ऱ्हिदम गिटार, म्हणजे माल्कमची ताल धरणारी गिटार आहे, गायक नाही. आपली जागा पुढे असली तरी गाडी आपण चालवत नाही, हे ओळखून गाणारा मुख्य गायक विरळा.

सिव्हिल लाइन्समध्ये ज्यांच्या नावाचं सभागृह आहे ते वसंतराव देशपांडे मला या बाबतीत आठवतात, तुलना विचित्र वाटली तरी. लहानपणी नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, आणि पुढे कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी केली. गाण्याचं पूर्णवेळ आयुष्य उशिरा आलं, रंगभूमीवरचं मोठं यश तर चाळिशी ओलांडल्यावर. ऑफिसातल्या फायलींनी गाणं मारलं, असं आपण सरसकट म्हणतो. काहींचं मारतही असेल. वसंतरावांच्या गाण्यातली ती बेफिकिरी, कुणाला खूश करण्यासाठी थांबायचं नाही ही ऐट, मला तरी नोकरीत राहून गाणं जपलेल्या माणसाची वाटते.

माझी मुलगी कॉलेजात आहे. तिचा बँड आहे, ती ड्रम वाजवते. मनीषनगरात एका मित्राच्या वरच्या मजल्यावर तालीम चालते. खालच्या काकूंच्या मालिकेची वेळ सोडून. नागपुरात बरा बँड जमायला दोन वर्षं लागतात आणि मोडायला एक कॅम्पस प्लेसमेंट. प्रत्येक वेळी गायकच जातो, का ते देवाला माहीत. गिटारवाले मागे राहतात, गायकाला हिंजवडी बोलावते. आमच्या वेळीही असंच होतं, फक्त तेव्हा मुंबई होती. यंदा यांचा गायक गेला. निरोपाच्या पार्टीत सावजीचं मटण खाऊन सगळे डोळे पुसत होते. रडून की तिखटाने, विचारायची सोय नव्हती.

नवीन मुलगा मिळाला. गातो बरा, पण घाबरतो. बाकीचे त्याला सारखं म्हणायचे, ‘तो इथे असं घ्यायचा, तिथे तसं घ्यायचा.’ मी मुलीला ब्रायन आणि टीना टर्नरची गोष्ट सांगितली. तिने बापाकडे बघतात तसं बघितलं. पण आठवड्याने कळलं की जुनी यादी बाजूला ठेवली आहे आणि त्या मुलाला आवडणारी गाणी बसवताहेत. त्यातलं एक चक्क मराठी आहे.

रिलीव्हरचं गणित ब्रायनवरही उलटलं. १९८० नंतरची सगळी वर्षं मैदानं भरत गेली. २००९ मध्ये ब्युनोस आयर्सच्या स्टेडियममध्ये जमलेला समुदाय व्हिडिओत पाहिला तरी छाती दडपते. जमीन दिसतच नाही, नुसती माणसं उडताहेत. पण २०१४ मध्ये माल्कम स्मृतिभ्रंशाने बाजूला झाला, पुतण्या स्टीव्हीने त्याची गिटार धरली. आणि मार्च २०१६ मध्ये डॉक्टरांनी ब्रायनला सांगितलं, दौरा आताच्या आता थांबवा, नाहीतर ऐकू यायचं कायमचं बंद होईल. उरलेल्या कार्यक्रमांना गन्स अँड रोझेसचा अ‍ॅक्सल रोझ उभा राहिला. उभा म्हणजे बसला. त्याचा पाय मोडला होता आणि लिस्बनला पहिला कार्यक्रम त्याने खुर्चीत बसून गायला. जगभरचे चाहते भांडले. ज्याने दुसऱ्याच्या जागी येऊन लोकांची मनं जिंकली होती, त्याच्याच जागी आता तिसरा.

कान गेले ते स्पीकरमुळे, असं आपण धरून चालतो. तो स्वतः मोटार शर्यतीला दोष देतो. गाड्यांचं वेड जुनं. एकदा कानात प्लग न घालता गाडी पळवली आणि पडदा फाटला. वर सर्दी-तापात केलेला विमानप्रवास.

आमच्या घरात हा विषय ऐकीव नाही. टर्बाइन हॉलमध्ये दोघांना बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास काढले की कान झिजतात, आणि झिजायला सुरुवात होते ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे माणसाला पत्ता लागत नाही. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ पहिले जातात. ‘साखर’ म्हटलं की ‘आखर’ ऐकू येतं आणि माणूस समोरच्यालाच म्हणतो, नीट बोल ना. आता आमची दरवर्षी ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी होते, इअर मफशिवाय आत सोडत नाहीत. बाबांच्या वेळी कापसाचे बोळे होते, तेही लाजून घालायचे. आज टीव्ही इतका मोठा असतो की बातम्या शेजारी फुकटात ऐकतात. मशीन लावा म्हटलं की एकच उत्तर, “मला काय झालं? तुम्हीच हळू बोलून राहिले.”

ब्रायनकडे एक जण आपणहून आला. स्टीफन अँब्रोज, कानात घालायचे मॉनिटर, म्हणजे मंचावर गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारी छोटी यंत्रं, पहिल्यांदा बनवणाऱ्यांपैकी एक. पहिल्या भेटीत त्याने आणलेलं यंत्र गाडीच्या बॅटरीएवढं होतं. ते लहान करत करत कानात मावेल इतकं करायला काही वर्षं गेली. दरम्यान नोव्हेंबर २०१७ मध्ये माल्कम गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये नवा अल्बम आला तो माल्कमलाच अर्पण केलेला, त्याने करून ठेवलेल्या चाली वापरून आणि ब्रायनच्या गळ्यातून. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात तो पुन्हा मंचावर आला आणि २०२४ च्या मेपासून युरोपभर दौरा केला. वय ७६. आवाज पूर्वीचा नाही, उगाच कशाला खोटं बोला. वरच्या जागा दमून घेतो, काही ठिकाणी पोचतच नाही. पण ती टोपी आहे, आणि गिटार श्वास घेते तिथे तो अजूनही बरोबर येतो.

बाबांना दौऱ्याचा व्हिडिओ दाखवला. आवाज पूर्ण वाढवून.

“किती वयाचा आहे म्हणते हा?”

“तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा.”

“अन् अजून ड्युटी करून राहिला?”

“हो ना. कानात मशीन लावून.”

बाबांनी फोन जवळ घेतला, चष्मा वर केला आणि त्याच्या कानाकडे निरखून पाहिलं. “दिसून तर नाही राहिली. बॅटरी किती दिवस चालते तिची?”

ते ब्रायनला विचारायची काही सोय नव्हती. धंतोलीतल्या एका ऑडिओलॉजिस्टकडे शनिवारची वेळ घेतली आहे. संध्याकाळची मिळत होती, पण बाबा म्हणाले सकाळची घे, दुपारून मॅच आहे.